जुनी जीप उभी करताना: कोणता भाग ठेवायचा, कोणता बदलायचा

भारतात स्पोर्ट्स कार म्हणून घडवलेल्या गाड्या मोजक्याच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही दोन आसनांची, उघड्या छपराची, फायबरग्लासच्या बॉडीची गाडी निघाली. तीही रस्त्यावर फारशी दिसली नाही. उघड्या गाडीतून वारा खात घाट चढायची हौस आपल्याकडे भागवली ती जीपने. म्हणून नाशिकमध्ये कुणी जुनी गाडी नव्याने उभी करायची म्हणतो, तेव्हा बहुधा त्याच्या डोळ्यांसमोर जीपच असते. आजोबांनी द्राक्षबागेसाठी घेतलेली, लष्कराच्या लिलावात सुटलेली किंवा शेतावरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे विटांवर उभी असलेली.

या कामाला नाशिकसारखे गाव नाही. महिंद्रने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या देशातच बनवल्या. १९८० च्या दशकापासून कंपनीचा कारखाना सातपूरला आहे, इंजिनांचा कारखाना इगतपुरीला. डिझेल इंजिनाचे नॉझल बनवणारी 'मायको', म्हणजे आजची बॉश, तीही सातपूरलाच. शहरातल्या मायको सर्कलचे नाव तिच्यावरूनच पडले. या मोठ्या कारखान्यांना माल पुरवणारे लेथ, ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंटचे छोटे कारखाने सातपूर-अंबडमध्ये पसरले आहेत. दुकानात न मिळणारा भाग नमुन्यावरून बनवून देणारा कारागीर इथे शोधावा लागत नाही, विचारला की सापडतो.

ही सोयच कधी कधी गाडीच्या मुळावर येते. सगळे मिळते म्हणून सगळे बदलले जाते, आणि शेवटी नव्या बॉडीवर, परक्या इंजिनावर जुनी नंबरप्लेट तेवढी उरते. याउलट काही हौशी मंडळी 'ओरिजिनल'च्या नादात चाळीस वर्षांचा ब्रेक पाइपही जपून ठेवतात. दोन्ही टोके टाळायची असतील, तर प्रत्येक भाग हातात घेऊन दोनच प्रश्न विचारावेत. चालत्या गाडीत हा तुटला तर काय होईल? आणि हा बदलला तर गाडीतले काय जाईल?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'जिवावर बेतेल' असे असेल, तर भाग नवा, खात्रीच्या कंपनीचा आणि पक्क्या बिलाचा घ्यावा. दुसऱ्याचे उत्तर 'गाडीची ओळख जाईल' असे असेल, तर भाग जुनाच ठेवून दुरुस्त करावा. दोन्हींचे उत्तर 'काही नाही' असेल, तर जो स्वस्त आणि सहज मिळेल तो लावावा. आणि दोन्ही प्रश्न लागू पडतात तिथे, म्हणजे चासी, स्टिअरिंग बॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल अशा ठिकाणी, वेळ आणि पैसा हात आखडता न घेता खर्च करावा. पुढची सगळी माहिती म्हणजे याच दोन प्रश्नांची भागागणिक उत्तरे आहेत.

आधी कागद, मग पाना

गाडी खोलण्यापूर्वी चार गोष्टी एकमेकींशी जुळवून पाहाव्यात: चासीवर ठोकलेला नंबर, बॉडीवरची पाटी, इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर आणि आरसी. पेट्रोल जीपमध्ये इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, पाण्याच्या पंपाजवळ असतो. गंजाखाली नंबर दिसत नसेल तर तारेचा ब्रश आणि रॉकेल वापरावे. ग्राइंडर कधीही फिरवू नये. घासून गेलेला नंबर आरटीओत संशयाचा विषय होतो. नंबर स्पष्ट झाला की त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा आणि फोटो काढून ठेवावा.

आरसीवर इंधन कोणते लिहिले आहे, हेही पाहावे. डिझेल स्वस्त होते त्या काळात अनेक पेट्रोल जीपमध्ये ट्रॅक्टरचे किंवा दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले गेले. काहींनी ते नोंदवले, पुष्कळांनी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारखान्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. इंजिन बदलायचे किंवा रंग बदलायचा, तर आधी आरटीओला विचारावे. लष्करी लिलावातली जीप असेल, तर लिलावाची आणि सुटकेची मूळ कागदपत्रे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल, तर आणखी एक वाट आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यात 'व्हीए' अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये ठरवले गेले आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र गाडी मूळ स्वरूपात हवी, तिच्यात मोठे फेरबदल झालेले नकोत. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज फिरवायची असेल, तर नेहमीच्या नोंदणीचेच नूतनीकरण करून घ्यावे. हा निर्णय सुरुवातीलाच घेतलेला बरा, कारण पुढे कोणता भाग किती बदलायचा, हे त्यावर ठरते.

खोलताना

जीप खोलायला सोपी आहे. बॉडी चासीवर बोल्टने बसवलेली असते. चार-सहा माणसे ती उचलून बाजूला ठेवू शकतात. अवघड असते ते परत जोडणे. म्हणून प्रत्येक जोड सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक जोडाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. वायर कापायची नाही, सोडवायची. टोकाला कुठून आली त्याची पट्टी लावायची. शिम, म्हणजे जोडांमधल्या कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या चकत्या, जिथून निघाल्या तिथल्याच पिशवीत ठेवायच्या.

काढलेला एकही भाग गाडी पूर्ण होईपर्यंत भंगारात जाऊ द्यायचा नाही. मोडका भाग हाच नव्या भागाचा नमुना असतो. काउंटरवर नाव सांगून जो भाग मिळत नाही, तो जुना पुढे ठेवल्यावर मिळतो.

नटबोल्टचे एक दुखणे इथेच समजून घ्यावे. विलीज घराण्याच्या जीपमध्ये बोल्ट इंचाच्या मापाचे आणि बारीक आट्यांचे असतात, तर आजच्या दुकानात मिलिमीटरचे. तीन सूत, म्हणजे ३/८ इंची बोल्टचा व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि इंचाला २४ आटे. त्याच्या जागी दहाचा बोल्ट पान्याने दाबून बसवला की आटे जातात. ते ब्लॉकमधले किंवा चासीमधले असतील, तर पाच रुपयांच्या बोल्टपायी लेथचे काम निघते. पुढे आलेल्या एमएम ५४० मध्ये प्यूजो घराण्याचे डिझेल इंजिन होते, त्यावर मिलिमीटरचे बोल्ट आहेत. म्हणजे एकाच गाडीत दोन्ही मापे भेटतात. बोल्ट हाताने दोन-तीन आटे सहज फिरत नसेल, तर तो त्या जागेचा नाही, असे समजावे.

चासी आणि पत्रा

नाशिकची हवा कोकणाइतकी दमट नाही, त्यामुळे इथल्या गाड्यांचा पत्रा बरा राहतो, असा समज आहे. निफाड-दिंडोरीच्या बागेत राबलेल्या जीपला तो लागू नाही. बोर्डो मिश्रणातले मोरचूद लोखंड खाते, आणि खतांचे खारही तेच करतात. अशा गाडीचा मागचा फ्लोअर, चाकांवरचे पत्रे आणि फ्लोअरखालच्या आधारपट्ट्या आधी ठोकून पाहाव्यात. आवाज भरीव आला तर पत्रा आहे, भुसभुशीत आला तर रंगच उरला आहे. चुंबक फिरवला की लांबी कुठे भरली आहे ते कळते. जाड लांबीवर चुंबक धरत नाही.

चासी उघडी झाली की दोन्ही कर्ण मोजावेत. सारख्या अंतरावरची भोके धरून पुढच्या डाव्या टोकापासून मागच्या उजव्या टोकापर्यंत आणि उलट. दोन मापांत ठळक फरक असेल, तर चासी पिळलेली आहे आणि ती सरळ केल्याशिवाय पुढचे काम व्यर्थ आहे. त्यानंतर पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि आडव्या पट्ट्यांचे जोड नीट धुऊन तडे शोधावेत. तडा दिसला तर त्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो थांबवायचा, मग वेल्डिंग करायचे आणि वरून आधारपट्टी द्यायची. चासी ही गाडीची ओळखही आहे आणि जीवही तिच्यावर आहे; ती बदलायची नसते, दुरुस्त करायची असते.

पत्र्याच्या बाबतीत मोह मोठा असतो, कारण जीपची अख्खी नवी बॉडी बाजारात मिळते. जुनी कापून जोडत बसण्यापेक्षा नवी आणणे मिस्त्रीलाही सोपे जाते. पण दुसरा प्रश्न इथे विचारावा. बॉडीवरचे दाबाचे ठसे, डॅशबोर्डची भोके, पाटी लावायची जागा हे सगळे त्या गाडीच्या काळाचे असते आणि नवी बॉडी ते हुबेहूब आणत नाही. शक्य तिथे सडलेला तेवढाच तुकडा कापून नवा जोडावा. मूळ पत्रा साधारण १८ गेजचा, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास आहे. त्याहून पातळ पत्रा जोडला तर खडबडीत रस्त्यावर जोडाजवळ फाटतो. वेल्डिंग सीओटूचे करून घ्यावे, कारण गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने सपाट पत्रा वाकतो. गंजरोधक प्रायमर जोडाच्या दोन्ही बाजूंना हवा. आतली बाजू न दिसणारी असली तरी गंज तिथूनच सुरू होतो.

ब्रेक आणि स्टिअरिंग: इथे जुने काही नको

जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि मास्टर सिलिंडर एकच, एकाच वाटेचा. कुठल्याही एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा दाब जातो. म्हणून इथे पहिला प्रश्नच अखेरचा मानावा. ब्रेक पाइप, होज, चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, लायनिंग सगळे नवे. जुना सिलिंडर होन करून फक्त वॉशर किट टाकण्याची पद्धत आहे. सिलिंडरच्या आत नखाला लागेल अशी खाच असेल, तर ती पद्धत वापरू नये. पाइप तांब्याचा नको; तांबे हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. पोलादी बंडी पाइप घ्यावा आणि त्याची तोंडे दुहेरी फुलवून घ्यावीत. सिलिंडर घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. आतला व्यास इंचात मोजून जुन्याशी जुळवावा.

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ चालते. इंजिन ऑइलचा थेंबही त्यात पडला तर रबरी वॉशर फुगतात. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी आणि तोंडाला मास्क लावावा.

स्टिअरिंग हातात ढिले लागते, तेव्हा दोष बॉक्सचाच आहे असे धरून चालू नये. जुन्या जीपमध्ये बॉक्स आणि चाके यांच्यामध्ये चासीवर बसवलेला एक बेलक्रँक असतो, त्याचे बुश आणि पिन झिजतात. टाय रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंट झिजतात. पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना किंगपिनचे बेअरिंग ढिले पडले, की एखाद्या खड्ड्यानंतर चाके जोरात थरथरू लागतात. यातला क्रम असा: आधी जॉइंट, मग बेलक्रँक, मग किंगपिनचे शिम, शेवटी बॉक्स. जॉइंट आणि पिन नव्या घ्याव्यात. बॉक्सचे कास्टिंग मात्र मूळचे ठेवून आतले बेअरिंग आणि बुश बदलता येतात.

इंजिन: आधी मोजा, मग खरेदी

विलीजने १९५३ मध्ये सीजे-३बी आणली, तेव्हा तिचे बॉनेट उंच करावे लागले, कारण खालचे नवे 'हरिकेन' इंजिन उंच होते. चार सिलिंडर, २१९९ सीसी. त्याची रचना आज विरळ आहे: पेट्रोल-हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये. त्यामुळे हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवून आणले, म्हणजे अर्धेच काम झाले. एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह पाहायला ब्लॉकच्या बाजूचे झाकण उघडावे लागते. फटीही वेगळ्या असतात. इनटेकला १८ थाऊ, एक्झॉस्टला १६, आणि त्या थंड इंजिनावर मोजायच्या. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

बरीच वर्षे बंद असलेले इंजिन सेल्फ मारून फिरवू नये. प्लग काढून भोकांतून थोडे ऑइल सोडावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने फिरवून पाहावे. फिरले तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. आकडा थोडा कमी पण चारही ठिकाणी जवळपास सारखा असेल, तर बोअर करायची घाई नको. व्हॉल्व्ह, रिंगा आणि पॅकिंग यांवर निभावते. एकाचाच आकडा खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह.

बोअर करायची वेळ आलीच, तर क्रम महत्त्वाचा आहे. मूळ बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, म्हणजे ३.१२५ इंच. तो झिजल्यावर दहा, वीस, तीस थाऊ मोठा करून त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घालतात. आधी पिस्टन हातात घ्यायचे, मोजायचे आणि मगच ब्लॉक बोअरला द्यायचा. बोअर करून पिस्टन शोधत बसले आणि त्या मापाचे मिळाले नाहीत, की ब्लॉक आणखी मोठा करावा लागतो, आणि ब्लॉकचे आयुष्य अशा दोन-तीन कापांचेच असते. शेवटच्या मापापर्यंत गेलेला ब्लॉक फेकू नये. नवी स्लीव्ह ठोकून तो पुन्हा मूळ मापावर आणता येतो. ब्लॉकवर नंबर आहे, म्हणजे तो ओळखीचा भाग आहे.

डिझेलवाल्यांचे गणित वेगळे. एमएम ५४० मधल्या एक्सडीपी ४.९० इंजिनाच्या नावातच चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर आहे. तिथे काळा धूर आणि थंडीत उशिरा चालू होणे या तक्रारींवर इंजिन उतरवण्याआधी नॉझल आणि ग्लो प्लग तपासावेत. पंप आणि नॉझल कॅलिब्रेट करणारे जाणकार नाशिकला आहेतच.

गेअरबॉक्स, ट्रान्सफर आणि अ‍ॅक्सल

जीपची खरी करामत गेअरबॉक्सच्या मागच्या ट्रान्सफर केसमध्ये आहे. लो गेअर टाकला की चाकांचा वेग २.४६ पटीने कमी होतो आणि जोर तेवढ्याच पटीने वाढतो. या केसमधला मधला शाफ्ट सर्वांत आधी झिजतो. तो घेताना व्यास मोजावा, कारण वेगवेगळ्या काळात तो पाऊण इंच, एक इंच एक सूत आणि सव्वा इंच असा बदलत गेला. शाफ्टबरोबर केसचे भोकही मोठे झाले असेल, तर नुसता नवा शाफ्ट टाकून तेलाची गळती थांबत नाही. भोक लेथवर सरळ करून बुश घालावा लागतो.

पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो एकच हवा. क्राउनचे ४३ दात आणि पिनियनचे ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८. काढलेला अ‍ॅक्सल विकत घेताना झाकण उघडून दात मोजावेत. दोन रेशो वेगळे असतील, तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढतात आणि एक दिवस काहीतरी मोडते. गेअर ऑइलही पाहून घालावे: पितळी सिंक्रो असलेल्या गेअरबॉक्सला जीएल-४ योग्य, कारण जीएल-५ मधली काही रसायने पितळ खातात.

पेट्रोल, वायरिंग आणि टायर

आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. जुन्या गाडीचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे पॅकिंग त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात किंवा तडकतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकते. म्हणून हे सगळे रबर इथेनॉल चालेल अशा प्रतीचे घ्यावे. इथेनॉल पाणी ओढते, त्यामुळे गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आतून गंजते. अशी टाकी आधी स्वच्छ करून तिच्या पुढे काचेचा फिल्टर लावला, की गाळ दिसतो.

वायरिंग पूर्ण नवे करावे. जुन्या वायरचे कापडी किंवा कडक झालेले आवरण हे आगीचे निमंत्रण आहे. मूळ रंगांच्या वायर घेऊन प्रत्येक फाट्याला फ्यूज द्यावा. मीटर मात्र जुनेच दुरुस्त करून घ्यावेत. डॅशबोर्डवरच्या मीटरनेच जीप आपल्या काळातली वाटते.

टायरचे मूळ माप ६.००-१६. टायर नवा दिसतो म्हणून घेऊ नये. बाजूवरच्या चार आकड्यांत त्याचा जन्म लिहिलेला असतो: '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

भाग विकत घेण्याची रीत

बाजारात एकच भाग पाच रूपांत भेटतो. पहिले, कंपनीच्या जुन्या साठ्यातला, न वापरलेला माल. गेअर, शाफ्ट, बेअरिंगच्या वाट्या अशा पोलादी भागांसाठी तो उत्तम. पण रबर पेटीत पडूनही म्हातारे होते, म्हणून ऑइल सील, होज, वॉशर जुन्या साठ्यातले कधीही घेऊ नयेत. दुसरे, ज्या कारखान्याने मूळ कंपनीला भाग पुरवला त्याच्याच नावाचा भाग. जिवाशी संबंधित सगळ्या ठिकाणी हाच. तिसरे, लोकल. पत्रे, आरसे, बिजागऱ्या, सीटच्या नळ्या यांना तो चालतो. चौथे, दुसऱ्या गाडीतून काढलेला. कास्टिंग, केस, अ‍ॅक्सलची नळी अशा न झिजणाऱ्या भागांना योग्य. पाचवे, नमुन्यावरून बनवलेला. तो बनवताना कारागिराला माप तर द्यावेच, पण धातू कोणता आणि कडकपणा किती हवा, हेही विचारावे. मऊ पोलादाची पिन हुबेहूब दिसते आणि दोन महिन्यांत झिजते.

बेअरिंग आणि ऑइल सील यांना गाडीच्या नावाने मागू नये. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो; तो क्रमांक सांगितला की औद्योगिक बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात चांगल्या कंपनीचा माल मिळतो, 'जीपचे बेअरिंग' म्हणून मिळणाऱ्यापेक्षा खात्रीचा. ऑइल सीलची तीन मापे पुरतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

काउंटरवर नवा भाग जुन्याशेजारी ठेवून पाहावा. स्प्लाइनचे दात मोजावेत, आटे हाताने फिरवून पाहावेत, वजन तळहातावर जोखावे. पोकळ किंवा हलक्या धातूचा भाग हाताला लगेच कळतो. द्वारका-मुंबई नाक्याच्या पट्ट्यात नाही मिळाले, तर पुण्याची नाना पेठ, मुंबईचा ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ला, आणि त्यापुढे दिल्लीचे काश्मिरी गेट. हरियाणातले मंडी डबवाली जीपच्या कामासाठी देशभर ओळखले जाते. पण लांबून मागवताना नमुन्याचा फोटो पट्टी लावून, मापासकट पाठवावा.

खरेदीचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी इंजिनाचे पिस्टन-बेअरिंग आणि ट्रान्सफरचा शाफ्ट, कारण ते शोधायला वेळ लागतो. मग ब्रेक आणि स्टिअरिंग. रबर आणि टायर अगदी शेवटी, म्हणजे ते गाडी पूर्ण होईपर्यंत शेडमध्ये वाळत पडणार नाहीत. पुष्कळ गाड्या अर्धवट राहतात त्या पैसे संपल्यामुळे, आणि पैसे संपतात ते आधी रंग, सीट आणि टायर यांवर खर्च केल्यामुळे.

रस्त्यावर आणताना

जोडणी झाली की पहिल्या काही दिवसांत गाडी जोरात पळवू नये, आणि ओझेही घालू नये. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर इंजिन ऑइल बदलावे, हेडचे नट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळावेत, चाकांचे नट रोज पाहावेत. ब्रेकची खात्री सपाट रस्त्यावर होत नाही. पण पहिली परीक्षा कसारा घाटात घेऊ नये. आधी रिकाम्या मैदानात, मग छोट्या उतारावर, आणि घाट उतरताना वरच्या गेअरवर ब्रेक दाबत नव्हे, खालच्या गेअरमध्ये.

शेवटी एक विनंती. शेतावर, वाड्यात किंवा गोदामात एखादी जुनी जीप पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी तिचा चासी नंबर आणि आरसी जुळवून पाहा. इंजिन, गेअरबॉक्स, पत्रा, वायरिंग, सगळे नाशिकमध्ये दुरुस्त होते किंवा नव्याने बनते. नंबर असलेली चासी आणि तिचे कागद तेवढे कुठल्याही लेथवर बनत नाहीत.